‘प्लेइंग कॅच-अप’ला मराठीत काय म्हणाल?

नागपूरच्या ‘मिहान’ उद्योगक्षेत्रात नोकरी करणाऱ्या एका मुलीने विचारलंय. बैठकीत साहेब म्हणाले, ‘वी आर प्लेइंग कॅच-अप.’ तिने इतिवृत्तात लिहिलं, ‘आपण पकडापकडी खेळत आहोत.’ सगळे हसले. मग काय लिहायला हवं होतं?

हसण्यासारखं काही नाही, त्या ‘प्ले’ने भलेभले फसतात. खेळ त्यात आहेच, पण पकडापकडीचा नव्हे. हा प्रयोग अमेरिकेतल्या मैदानांवरचा. मागे पडलेला संघ नेहमीची चाल सोडतो आणि धोका पत्करून गुण भरून काढू पाहतो, ते हे खेळणं. जामठ्याच्या क्रिकेट मैदानात बसून बोलायचं तर पहिली वीस षटकं टुकूटुकू खेळलो, आता षटकामागे नऊ हवेत, म्हणून बॅट फिरवतोय. गाठू की नाही, हे त्या वाक्यात नसतंच. असते ती मागे असल्याची कबुली, तीही जराशी ओशाळलेली.

‘अनुशेष भरून काढतोय’ चालेल का? नागपुरात हा शब्द दर हिवाळी अधिवेशनात कानावर पडतो, त्यामुळे तोच आधी सुचतो. विकासात जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा जितका मागे, तितका त्याचा अनुशेष, असा हिशेब राज्य सरकारने नेमलेल्या दांडेकर समितीने मांडला. १९८४च्या तिच्या अहवालात राज्यभराचा आकडा सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा होता. पुढच्या समितीने १९९४ची स्थिती धरून मोजलं, तर तो १४,००० कोटींवर गेलेला! त्यात महागाई होतीच, पण सरासरी काही आपल्यासाठी थांबत नाही. साहेबांना म्हणायचं होतं ते हेच. तरी ‘भरून काढतोय’मध्ये खड्डा बुजत चालल्याचा दिलासा आहे, आणि इंग्रजी वाक्यात तो नाही.

म्हणून मी लिहिलं असतं, ‘आपण अजून मागूनच धावतो आहोत.’ चहाच्या टपरीवर याचंच ‘आपन मांगं-मांगंच पयून रायलो’ होतं, आणि मला तरी हेच जास्त नेमकं वाटतं.

‘लेट्स कॅच अप’शी मात्र याची गल्लत नको. तिथे कोणी पुढे-मागे नसतं. तर्री-पोहे खात ‘काय चाललंय, पोरं काय करतात’ एवढंच. झोपेचं ‘कॅच अप’ म्हणजे राहिलेली झोप काढणं. ‘वयाने गाठलं’ तर आपल्याकडे आहेच.

इतिवृत्त दुरुस्त करताना ‘अजून’ आणि ‘च’ गाळू नका. ते गेले, तर नुसती सकाळची दौड उरेल.