पिअर्सन ‘हो’ म्हणतो, स्पिअरमन ‘नाही’. प्रबंधात काय लिहू?

“सर, माझा डेटाच चुकलाय. व्हायवात काय सांगू?” पीएच.डी. करणाऱ्या एका नर्सिंगच्या प्राध्यापिकेचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) विषय परिचारिकांचा ओव्हरटाइम आणि ताण. सहसंबंध गुणांक म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने वाढतात-घटतात हे उणे १ ते १ मध्ये सांगणारा आकडा; पिअर्सन आणि स्पिअरमन या तो काढायच्या दोन पद्धती. इथे पिअर्सनचा गुणांक भक्कम धन, स्पिअरमनचा शून्याच्या आसपास. मैत्रीण म्हणाली होती, “सिग्निफिकंट आलाय तो टाक.” (सिग्निफिकंट म्हणजे निव्वळ योगायोगाने येणं अवघड, असा.) ही धास्ती अनेक संशोधक घेऊन येतात, आणि दुर्दैवाने हा सल्लाही.

मी कागदावर पाच जणींचे काल्पनिक आकडे मांडले. ओव्हरटाइमचे तास १, २, ३, ४, २०. ताणाचे गुण अनुक्रमे ४, ३, २, १, २०. “मॅडम, हातानेच काढा.” पिअर्सन आला ०.९६. स्पिअरमन चक्क शून्य. केंडलचा टाऊ, म्हणजे असाच तिसरा गुणांक, तर उणे ०.२! शेवटची जोडी झाकली, तर तिन्ही उणे १.

पिअर्सन सरासरीपासूनच्या अंतरांचे गुणाकार करतो. इथे त्यांची बेरीज २४०, त्यातले १९६ एकट्या शेवटच्या जोडीचे. १९०४ मध्ये आलेली स्पिअरमनची पद्धत फक्त क्रम बघते; तिच्या लेखी २० म्हणजे पाचवा नंबर, बस्स. केंडल (१९३८) दोघी-दोघींची तुलना करतो: दहा तुलनांपैकी चार एका दिशेच्या (जिचे तास जास्त, तिचा ताणही जास्त), सहा उलट. प्रश्नच वेगळे, म्हणून उत्तरंही वेगळी. यात कुणी खोटं बोलत नाही.

मग मॅडमच्या डेटाचा स्कॅटर प्लॉट (प्रत्येकीसाठी एक ठिपका असलेला आलेख) काढला, जो तोवर काढलाच नव्हता. वरच्या उजव्या कोपऱ्यात चार ठिपके एकटे पडलेले. “हे काढून टाकू?” मी थांबवलं. ड्युटी रजिस्टर तपासलं, तास खरे निघाले. गुणांक बिघडतो म्हणून खरी माणसं गाळायची नसतात. माझ्या मते अभ्यासातल्या सर्वांत महत्त्वाच्या याच चौघी.

मॅडमच्या आराखड्यातला प्रश्न होता: ओव्हरटाइम वाढेल तसा ताण वाढत जातो का? हा क्रमाचा प्रश्न, म्हणून मुख्य निष्कर्ष स्पिअरमनचा. सोबत पिअर्सन, आलेख, आणि त्या चौघींसह व त्यांच्याविना आलेले दोन्ही आकडे. पी-व्हॅल्यू (संबंध नसतानाही योगायोगाने इतका मोठा गुणांक येण्याची शक्यता) पाहून गुणांक निवडायचा नाही, हे मी निक्षून सांगितलं.

“गाइड चिडतील?” त्यांनी विचारलं. आलेख आधी दाखवा, म्हटलं. गाइडनी तो पाहिला आणि त्या चौघींच्या मुलाखती घ्यायला सुचवलं. त्यासाठीचा अर्ज आता एथिक्स कमिटीकडे आहे.