वही भरली, जीभ अडली

प्रश्न : सहा महिने रोज दहा अवघड इंग्रजी शब्द मराठी अर्थासह वहीत उतरवते आहे. दुसरी वही संपत आली. वाचताना शब्द ओळखीचा वाटतो, पण अर्थ आठवत नाही. लिहायला बसलं की एकही सुचत नाही. माझं पाठांतर कमी पडतंय का?

उत्तर : पाठांतराला दोष देऊ नका. तुमच्या वहीत अर्थ आहे, पण तो शब्द कुठे चालतो आणि कुठे नाही, हे नाही. यात मी चांगलाच पोळलोय. कॉलेजात माझ्याही वहीत ‘इग्रीजस – असाधारण’ अशी नोंद होती. एका सरांच्या निरोप समारंभात मी त्यांना भर सभेत ‘इग्रीजस शिक्षक’ म्हणून मोकळा झालो. सर हसले, बाकीचे आपापल्या चपलांकडे बघू लागले. लॅटिनमधला मूळ अर्थ ‘कळपातून वेगळा उठून दिसणारा’. इंग्रजीतही एके काळी तो गौरवाने वापरत. आज मात्र तो ढळढळीत वाईटालाच लागतो : घोडचूक, अन्याय, थाप. आपल्या ‘महाभाग’चं तेच झालंय. ‘कोण हे महाभाग?’ असं विचारणारा हातात हार घेऊन उभा नसतो!

म्हणून दहाऐवजी तीनच शब्द घ्या. मराठी अर्थ जरूर लिहा, त्यात कमीपणा नाही. पण खाली शब्द जिथे भेटला ते वाक्य उतरवा आणि मग स्वतःचं एक रचा. उजळणी करताना अर्थ हाताने झाका. उघडी वही नुसती वाचली तर चेहरा ओळखीचा होतो, नाव ओठांवर येत नाही. आणि पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून १८८५ मध्ये दाखवलं, की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो. नंतर अंतर वाढवत न्या.

मूळ धातू कळला तर शब्द गोतावळ्यासकट येतात. लॅटिन ‘लोक्वी’ म्हणजे बोलणं. त्यातून इलोक्वन्ट (वक्तृत्वपूर्ण), लोक्वेशस (बडबड्या), कलोक्विअल (बोलीभाषेतला), सलिलक्वी (स्वगत). पण सावध! पहिला कौतुकाचा, दुसरा टोमण्याचा. वाचस्पती आणि वाचाळ एकाच घरचे, तरी कुणाला काय म्हणायचं ते आपल्याला बरोबर कळतं, तसंच.

जुन्या वह्या टाकू नका. त्यातले जे शब्द वाचनात पुन्हा भेटतील, तेवढेच नव्या वहीत उचला. बाकीचे राहू देत तिथेच. त्या समारंभानंतर मीही ‘इग्रीजस’ उभ्या आयुष्यात दोनदाच वापरलाय, दोन्ही वेळा स्वतःच्याच चुकीबद्दल.