हॉटेलचा गाळा घेण्याआधी

मित्रा, जुन्या ऑफिसचा गाळा हॉटेलसाठी घेणार असशील, तर आग लागल्यास किती जणांना बाहेर पडावं लागेल, ती माणसं आधी मोज. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 नुसार ऑफिसात दर 10 चौरस मीटरला एक माणूस धरतात, जेवणाच्या हॉलमध्ये 1.8 चौरस मीटरला एक. म्हणजे 150 चौरस मीटरच्या त्याच गाळ्यात 15 ऐवजी सुमारे 83 जण! मग दारं, जिने त्या हिशोबानेच हवेत. जुन्या ऑफिसचं एक दार चालेल, हे एजंटचं बोलणं अजिबात ऐकू नकोस.

बाहेर पडायचं दार बाहेरच्या बाजूलाच उघडायला हवं. मागचा जिना स्वतः उतरून बघ. मी एकदा उतरलो, तर वळणावर सिलेंडर आणि तेलाचे डबे रचलेले. अंगावर काटा आला. महाराष्ट्रात फॉर्म ‘ब’, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दर जानेवारी-जुलैत भरावा लागतो, मालकाकडे मागच्या प्रती माग.