मोहेंजोदडोचा ‘पुरोहित राजा’ ही सुमेरी मूर्तींची नक्कल आहे का?

नाही, निदान मला तरी तसं वाटत नाही. पण तुम्हाला शंका आली यात नवल नाही, कारण सिंधू संस्कृतीतल्या या दगडी मूर्तीचं सुमेरच्या (म्हणजे दक्षिण मेसोपोटेमियाच्या, आजच्या इराकच्या) मूर्तींशी साम्य खरंच आहे. लगाश या सुमेरी नगराचा राजा गुदेआ (इ. स. पू. २१०० च्या आसपास) याचे पुतळे लूव्र संग्रहालयात आहेत. त्याचं वस्त्र डाव्या खांद्यावरून घेतलेलं आणि उजवा खांदा उघडा, अगदी पुरोहित राजासारखं. मिशी काढून नुसती दाढी राखणं काही सुमेरी मूर्तींतही दिसतं. शालीवरची तीन पाकळ्यांची नक्षीही मेसोपोटेमियात सापडते. व्यापार तर होताच. सिंधूच्या मुद्रा ऊर या सुमेरी शहरात मिळाल्या आहेत. फॅशन इकडून तिकडे गेली असेल, किंवा तिकडून इकडे.

फरक कळतो तो मूर्ती कशासाठी घडवली हे विचारल्यावर. सुमेरमध्ये याचं उत्तर मिळतं. इराकमधल्या तेल अस्मरच्या मंदिरात जमिनीखाली पुरलेल्या १२ मूर्ती १९३४ च्या सुमारास सापडल्या. हात छातीशी जुळवलेले, डोळे प्रमाणाबाहेर मोठे. भक्ताच्या वतीने देवासमोर कायम उभं राहायचं, एवढंच त्यांचं काम. गुदेआच्या एका पुतळ्याच्या मांडीवर मंदिराचा नकाशा आहे आणि अंगभर लेख कोरलेला. पुतळ्याला रोज बिअर, भाकरी, पीठ किती द्यायचं हेसुद्धा त्यात आहे! दगड काळा, भयंकर कठीण डायोराइट, आणि तो मगनहून, म्हणजे आजच्या ओमानच्या बाजूने आणवलेला.

पुरोहित राजाबद्दल यातलं काहीच सांगता येत नाही. उंची जेमतेम १७.५ सेंटीमीटर, खालचा भाग तुटलेला, दगड मऊ शंखजिऱ्याचा, अंगावर एकही अक्षर नाही. १९२५-२६ मध्ये तो पुरातत्त्वज्ञ काशिनाथ नारायण दीक्षित यांना मिळाला. (दीक्षित जन्माने पंढरपूरचे; मूर्ती मिळाली तो मोहेंजोदडोचा भाग त्यांच्याच नावावरून ‘डीके’ म्हणून ओळखला जातो.) तिथे निर्विवाद मंदिर म्हणावं असं काही सापडलेलं नाही. तो पुरोहित होता की राजा, याला पुरावा नाही. बिरुद आपणच चिकटवलंय. त्यामुळे कपड्यांवरून त्याला सुमेरी ठरवणं मला उथळ वाटतं.

आणि नक्कलच म्हणायची, तर मोहेंजोदडोच्याच ‘नर्तकी’चं काय करायचं? मेणाचा नमुना करून ओतलेली १०.५ सेंटीमीटरची काशाची पोर. उजवा हात कमरेवर, डावा मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला, हनुवटी वर. तेल अस्मरच्या त्या रांगेत अशी ऐटीत उभी राहायची कुणाची टाप नव्हती. पुरोहित राजा कराचीत आहे, ही मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जमलं तर बघून या.