बडोद्याहून शिवराजपूरची जुनी खाण एका दिवसात बघता येते का? तिथे आहे काय?

येते, आणि जाच. बडोद्याहून हालोल साधारण 40 किमी, तिथून पुढे जांबुघोड्याच्या रस्त्यावर शिवराजपूर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे मँगनीज निघायचं. पोलाद करायला ते लागतंच, म्हणून मागणीही मोठी. त्या मालासाठी चांपानेर रोड स्टेशनवरून शिवराजपूरमार्गे ‘पाणी माइन्स’ नावाच्या स्टेशनपर्यंत नॅरोगेज (अरुंद रुळांची छोटी रेल्वे) टाकली होती. बडोद्याच्या आसपास छोट्या गाड्यांचं जाळं गायकवाडांनी विणलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. खनिजासाठी धावलेली ही गाडी मात्र आपल्याच लोकांच्या विस्मरणात गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिथला मँगनीजचा एखादा काळा दगड उचलून बघा. आकाराच्या मानाने केवढा जड लागतो! खाली ठेवल्यावर बोटं काळी झालेली दिसतात. मुलांना घेऊन जात असाल तर हे नक्की दाखवा. फक्त जुन्या खाणींच्या खड्ड्यांजवळ जाऊ देऊ नका, कडा ठिसूळ असतात.

पुढे जांबुघोड्याच्या जंगलात झंड हनुमानाची भलीमोठी मूर्ती आहे. परतताना पावागड आणि चांपानेर (2004 पासून जागतिक वारसा). आणखी एक, आपल्या मराठी मंडळींना सहसा माहीत नसलेलं: या पंचमहाल जिल्ह्याचा बराचसा भाग 1861 पर्यंत ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा होता.

पावसाळा ओसरल्यावर, सकाळी लवकर निघा. पाणी आणि डबा घरूनच न्या.