वाफ निसटते, इंजिन थांबते

प्रश्न : डोलत्या सिलिंडरचे माझे पितळी इंजिन पंपाच्या हवेवर चालते, वाफेवर मात्र दोन फेऱ्यांत थांबते. पोर्टपाशी, म्हणजे वाफ आत-बाहेर जाते त्या भोकापाशी, वाफ निसटते. सिलिंडर दाबून धरणारी स्प्रिंग आवळली की इंजिन अडकते.

उत्तर : स्प्रिंग पुन्हा सैल करा, दोष तिचा नाही. सिलिंडरच्या सपाट बाजूला मार्करची शाई लावून तो थोडा डोलवा. शाई एकाच कडेला पुसली, तर पिव्हटचे, म्हणजे सिलिंडर ज्या पिनवर डोलतो तिचे, भोक काटकोनात नाही. ते बुजवून ड्रिल प्रेसवर पुन्हा पाडा, घासत बसू नका. ठिपक्याठिपक्यांनी पुसली, तर पिव्हटची पिन काढून तीच सपाट बाजू जाड काचेवर ठेवलेल्या ६००, मग १००० नंबरच्या वॉटर पेपरवर तेल टाकून घासा. रॉकेलने नीट धुवा, राहिलेले कण पितळ खातात. थंड सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी होते, म्हणून तो तापेपर्यंत फ्लायव्हील हाताने फिरवा. शिलाई मशीनचे पातळ तेल वाफेत टिकत नाही. स्टीम ऑइलच, म्हणजे वाफेच्या इंजिनाचे जाड तेल, हवे.