बाबा दसऱ्याला क्रशर आणायचं म्हणतायत, मी डिग्री करू की धंद्यात उतरू?

प्रश्न: ताई, मी पिंपरी-चिंचवडला चिखलीत राहते. यंदा सिव्हिल डिप्लोमा झाला, ७९ टक्के. बाबांचे दोन डंपर आणि एक जेसीबी आहे, जुनी घरं पाडायची आणि राडारोडा उचलायची कामं घेतात. आता ते म्हणतात की माल नुसता टाकून येण्यापेक्षा आपणच क्रश करून विकू, सेकंडहँड मोबाईल क्रशर (काँक्रीट फोडायचं फिरतं मशीन) बघून पण ठेवलाय, दसऱ्याला आणायचा आणि साईट मी सांभाळायची. मला हे काम खरंच आवडतं पण आई म्हणते एवढं शिकून शेवटी कचऱ्यातच जायचं का. डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरचे फॉर्म पण भरायचेत. काय करू?

उत्तर: आधी आईचं घेते, ते लवकर आटपेल. कचरा म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर घंटागाडी येत असणार, पण राडारोडा म्हणजे काय तर कुणीतरी एकदा पैसे मोजून आणलेली खडी, वाळू, विटा न् सिमेंट. त्यांना एकदा मोशीला घेऊन जा, तुम्हाला जवळच आहे. तिकडे दगडखाणी पण आहेत आणि महापालिकेचा राडारोड्याचा प्लांट पण आहे. पुण्याचं वाघोलीला तसंच, खाणी तिथेच आणि प्लांटही तिथेच. दोन्हीकडे हॉपर, जॉ क्रशर, चाळण्या, कन्व्हेअर, लांबून बघितलं तर फरक कळणार नाही.

आणि नेमक्या ह्याच कारणामुळे मला बाबांच्या क्रशरची धास्ती वाटते. ताजा काळा दगड एवढ्या जवळ मिळत असताना आरएमसीवाला (तयार काँक्रीट विकणारा) तुमची जुनी खडी का घेईल? माल फोडणं सोपं आहे गं, विकणं अवघड आहे, मोठमोठे प्लांट पण तिथेच अडकतात, राडारोडा येत राहतो आणि बनलेल्या मालाचे ढीग तसेच पडून राहतात.

तू डिप्लोमाला शिकली असशीलच पण बाबांना समजावून सांग, जुनं काँक्रीट फोडलं की निघालेल्या प्रत्येक खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, तो पाणी पितो, मग नेहमीचंच पाणी घातलं तर स्लंप पडतो, म्हणजे काँक्रीट घट्ट होऊन पसरत नाही, आणि मजूर वरून पाण्याचा पाईप सोडतात की क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) गेलेच म्हणून समज. त्यासाठी खडी आधी भिजवून घ्यावी लागते, मिक्स बदलावं लागतं. वापरायला बंदी नाहीये हां. आयएस ३८३ ह्या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत काँक्रीटपासून बनवलेली रिसायकल खडी साध्या, सळ्या नसलेल्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत चालते, आरसीसीत २० आणि तेही एम-२५ ह्या ताकदीच्या ग्रेडपर्यंतच, एम-१५ च्या खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटला मात्र १०० टक्के. पण विटा-प्लास्टर मिसळलेला माल असेल तर फक्त लीनलाच. म्हणजे बघ, एकाच घराचा राडारोडा, स्लॅब-कॉलम वेगळे ठेवलेस तर आरसीसीत जाऊ शकतो, सगळं एकत्र डंपरमध्ये ओतलंस तर पेव्हर ब्लॉकच्या खालचा बेड नाहीतर भराव. किंमत तिथेच ठरते, क्रशरमध्ये नाही.

मला हे पुस्तकातून नाही कळलं. वीसेक वर्षांपूर्वी मी ज्युनिअर असताना एका साईटवर (बिल्डरचं नाव नको) प्लिंथमध्ये (जोत्यात) पाडलेल्या बंगल्याचा माल भरला, त्यात लाकडाचे तुकडे होते, पीओपीच्या फॉल्स सीलिंगचा चुरा होता, सगळं रोलर फिरवून दाबलं आणि दोन पावसाळ्यात पार्किंगची फरशी बसली. त्या फिलिंगच्या चेकलिस्टवर सही माझी होती. पीओपी तर काँक्रीटच्या खडीत अजून वाईट, त्यातलं सल्फेट सिमेंटशी रिॲक्ट होऊन फुगतं आणि तडे जातात, प्लांटमधला मॅग्नेट फक्त लोखंड काढतो, पीओपी नाही काढत. आणि जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडायचेच नाहीत, त्यात ॲस्बेस्टॉस असतं, मजुरांना हे कुणी सांगतच नाही.

पाडायच्या आधी आत काय आहे हे कळणं ही ह्या धंद्यातली खरी अक्कल आहे. आपला पुण्याच्या चांदणी चौकातला पूल आठवतोय? १ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटाने पाडला, त्याच मुंबईच्या कंपनीने ज्यांनी महिनाभर आधी नोएडाचे ट्विन टॉवर काही सेकंदात झोपवले होते. तरी आपल्या पुलाचा काही भाग तसाच उभा राहिला आणि मग मशीन लावून तोडावा लागला, आतलं स्टील अंदाजापेक्षा जास्त निघालं असं तेव्हा सांगितलं गेलं. नोएडाच्या ढिगाचा आकडा साधारण ८०,००० टन होता, तो उपसून स्टील वेगळं करायलाच महिने लागले. टीव्हीवाले तोवर घरी गेले होते.

आता नोकऱ्यांचं. केंद्राच्या राडारोड्याच्या २०१६ च्या नियमांमध्ये दिवसाला २० टन किंवा एका प्रोजेक्टला महिन्याला ३०० टनांच्या वर राडारोडा निघणार असेल तर आधी प्लॅन मंजूर करून घ्यायचा होता. बाबांच्या हिशोबात सांगायचं तर ब्रासला, म्हणजे १०० घनफुटाला, चार टनाच्या आसपास धर, म्हणजे दिवसाला पाचच ब्रास, कुठलीही रिडेव्हलपमेंट ह्यात बसते. पण पाळत कोण होतं! २०२५ ला नवे नियम आले, लागू १ एप्रिल २०२६ पासून, त्यात २०,००० चौरस मीटर बांधकाम आणि त्यावरच्या प्रोजेक्टच्या डेव्हलपरवरच रिसायकलिंगची जबाबदारी टाकलीये, पोर्टलवर नोंदणी, हिशोब सगळं. किती कडक राबवतील ते राबवतील, पण कागद भरायला आणि माल तपासायला माणूस लागणारच आणि तो माणूस सिव्हिलचा लागणार. डिमॉलिशन कंपन्या, प्लांटची लॅब, बिल्डरांचे कन्सल्टंट, महापालिकेत जेई (ज्युनिअर इंजिनिअर), एवढ्या जागा मला दिसतात. पगार सुरुवातीला तुझ्या इतर मैत्रिणींएवढाच असेल, जास्त स्वप्नं दाखवत नाही.

माझं स्पष्ट मत, फॉर्म भर. डिग्री आत्ताच कर, "नंतर करते" म्हणणाऱ्या फार मुली मी बघितल्यात आणि त्यांची कर्जं आणि लग्नं आधी आली. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट ह्याच विषयावर घे, माल तर घरचाच आहे, क्यूब फोडायला कॉलेजची लॅब आहे. पुढे शिकायचं वाटलं तर गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) दे, सिव्हिलबरोबर आता एन्व्हायर्नमेंटचा वेगळा पेपर पण आहे. पण डिग्री झाल्या झाल्या बाबांच्या ऑफिसात बसू नकोस. दोन वर्षं एखाद्या आरएमसी प्लांटच्या क्वालिटी लॅबमध्ये काढ, जिथे दारात आलेली खडी चाळणी लावून, पाणी शोषण बघून परत पाठवतात. उद्या तुला ज्याला माल विकायचाय तो कशावरून नाही म्हणतो हे त्याच्याच खुर्चीत बसून शिकायला मिळेल, वर पगार मिळेल.

बाबांना मी मोडता घालतेय असं नको वाटायला. भिंतीवर नुसता हात मारून आत काय आहे हे सांगणारी माणसं मी पाहिलीत, ते पण त्यातलेच असणार, आणि ते कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. फक्त ॲडव्हान्स देऊ नका म्हणावं इतक्यात. विकणाऱ्याला आधी विचारा की प्रदूषण मंडळाचा कन्सेंट (परवानगी) होता का, धुळीसाठी पाण्याचे फवारे आहेत का, आणि मुख्य म्हणजे तो का विकतोय. हे शेवटचं नक्की विचारा.

आणि पुढचं घर पाडाल ना, तेव्हा एवढंच कर, एक डंपर फक्त स्लॅब-कॉलमचा भरा आणि एक नेहमीसारखा, दोन्ही वजनकाट्यावर घाला, वेगळं करायला किती मजूर आणि किती तास जास्त लागले ते लिहून ठेव. मग दोन-चार पेव्हर ब्लॉकवाल्यांकडे दोन्हीचे नमुने गोणीत भरून घेऊन जा आणि ब्रासला काय देता विचार. जे आकडे येतील ते मला पाठव, क्रशरचं आपण त्यानंतर बोलू.